चाळीस बाटल्यांवरचं ऊन

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत शेवटच्या वळणावर एक बैठी, पांढरी इमारत आहे. खिडकीतून आत पाहिलं तर बाटल्याच बाटल्या दिसतात, त्यामुळे नव्या माणसाला वाटतं की इथं लोणची भरत असावीत. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर बरीच वर्षं तसंच समजून होता. खरं म्हणजे त्या बाटल्यांत बोटभर उंचीची रोपं असतात, केळीची, ऑर्किडची. तांदळाच्या दाण्याएवढा कोंब कापून बाटलीतल्या खळीसारख्या अन्नावर ठेवायचा, दिव्याखाली वाढवायचा, एकाचे चार करायचे, चाराचे सोळा. या कामात चंद्रावतीची बावीस वर्षं गेली.

चंद्रावती मुळात भित्री. वीज चमकली की ती देवघरात जाऊन बसायची. मुलगा गौरेश बोटीवर नोकरीला, त्याचा फोन एक दिवस उशिरा आला की ती जेवत नसे. दारातून वास आला तरी तिला वाटायचं, गॅस राहिला. या भित्रेपणाची घरात थट्टा होत असे, पण लॅबमध्ये त्याचंच सोनं झालं. दुसऱ्या बायका हात एकदा धुतात, ही तीनदा धुवायची. चिमटा आगीत धरायची तोही दुसऱ्यांपेक्षा दोन क्षण जास्त. तिच्या हातच्या बाटलीत बुरशी आली असं क्वचितच घडायचं. मॅनेजर निलेश चेष्टेनं म्हणायचा की रोपाला ताप येण्याआधी चंद्रावतीताईला येतो. त्यात फार खोटं नव्हतं.

तर अशा या बाईच्या हातात दीड वर्षापूर्वी तिच्या माहेरचा जीव येऊन पडला.

माहेर शिरगावचं. डोंगराच्या पायथ्याशी वडिलांची कुळागराएवढी, म्हणजे पोफळीच्या मोठ्या बागायतीएवढी नाही, पण चांगली बाग होती. माड, पोफळी आणि मधोमध साळदाटी जातीच्या केळी. वरच्या अंगाला खाणीचा खड्डा खोल होत गेला आणि बागेची झर आटली. आधी पोफळी गेल्या, मग माड वठले. केळीचं एक बेट तेवढं जीव धरून होतं. मोठा भाऊ गोकुळदास त्याचं एक पिल, म्हणजे बुडातून फुटलेला कोंब, ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन बसगाड्या बदलून तुयेला आला. लॅबच्या पायरीवर ते ठेवून एवढंच म्हणाला, "हो शेवटचो." मे महिन्यात मागचं बेटही सुकलं, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ चंद्रावतीला पुरता कळला. वडिलांनी लावलेल्या केळीतलं जगात आता जे काही होतं, ते तिच्या चिमट्यात होतं.

पहिले कोंब काळे पडून मेले. रीतसर परवानगी घेऊन, सुट्टीचे दिवस मोडून तिनं उरलेले वाढवले. यंदा आषाढाअखेर तिच्याकडे चाळीस बाटल्या होत्या, प्रत्येकीत पाच रोपं, मुळं सुटलेली, बाहेर जायला तयार. गोकुळदासनं डिचोलीजवळ कासरपाल्याच्या बाजूला विहिरीची जमीन खंडानं घेतली होती. गणपतीची चवथ झाली की रोपं न्यायची असं ठरलं. तो दर रविवारी संध्याकाळी फोन करायचा आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारायचा, "कशी आसत?"

लॅबची शास्त्रज्ञ क्षमा, डिचोलीची, सत्तावीस वर्षांची. शिकलेली माणसं बहुतेक वेळा शिकलेल्यांशीच बोलतात, पण या मुलीला चहाच्या वेळी गजाली मारायला चंद्रावतीच लागायची. एकदा चंद्रावतीनं तिला विचारलं होतं की उन्हानं मारलेलं रोप लगेच का मरत नाही, तीन-चार दिवस हिरवंगार राहून मग पांढरं का पडतं. क्षमानं तोंडी उत्तर दिलं नाही. एका पानाची पातळ साल काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

चंद्रावतीनं डोळा लावला आणि तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी घरात न विचारता डोकावतोय. भिंतींनी आखलेल्या खोल्या, प्रत्येक खोलीत एक फिकट गोल, आणि भोवती हिरवे दाणे हळूहळू फिरताहेत. क्षमानं समजावलं की पेशी म्हणजे नुसती पाण्याची पिशवी नाही, ते आतून कप्पे केलेलं घर आहे. हिरवे दाणे उन्हावर अन्न शिजवतात. फिकट गोल म्हणजे केंद्रक, त्याच्याकडे सगळ्या कामांची लिखापढी असते. दाण्याकडे स्वतःचं फार थोडं लिहिलेलं असतं, त्याला लागणारं बाकी सामान केंद्रकाच्या हुकमानं तयार होऊन येतं. मग तिनं दिवा मोठा केला, दोघी चहा पिऊन आल्या आणि पुन्हा पाहिलं. काही दाणे सरकून त्या गोलाला अगदी चिकटून बसले होते.

ते आता निरोप देताहेत, असं क्षमा म्हणाली. ऊन सोसेनासं झालं की दाण्यात विषारी प्राणवायू तयार होतो. दाणा आपल्या कप्प्यातून बाहेर पडू शकत नाही, पण वेगवेगळ्या रसायनांच्या हातून खबर धाडतो. खबर पोचली की केंद्रक नवं सामान पाठवायचं थांबवतं आणि डागडुजीचं पाठवतं. या डागडुजीला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात दुसरा तडाखा बसला तर निरोपच बदलतो. मग दुरुस्ती होत नाही, पेशी स्वतःला संपवते. पान पांढरं पडतं ते त्यानंतर.

"आणि दाण्यान सांगलाच नाय तर?" चंद्रावतीनं विचारलं.

"मगे मधल्या गोलाक वाटता, सगळा बरा चल्लाहा. तो आपलो माल धाडीत रवता." क्षमानं दिवा बारीक केला. "तशी रोपां आसत, अभ्यासाक मुद्दाम राखतत. पण चांगल्या उजेडात ती टिकनत नाय."

त्या दिवसापासून बाटल्यांच्या खोलीत एकटी असली की चंद्रावतीला उगाच दबकल्यासारखं व्हायचं. हजारो बाटल्या गप्प दिसतात, पण आत खबरी चालल्या आहेत आणि आपल्याला एक शब्द ऐकू येत नाही, ही जाणीव काही तिला सुखाची नव्हती.

श्रावणातल्या दुसऱ्या आठवड्यात बुधवारी वादळ झालं आणि वसाहतीच्या तारांवर झाड पडलं. जनरेटर एक दिवस चालला, मग तोही बसला. फोनचे मनोरे बंद, डिचोलीकडून येणारा रस्ता पाण्याखाली, क्षमा तिकडेच अडकली. रविवारी सकाळी चंद्रावतीची पाळी होती. तिनं कुलूप काढलं आणि टॉर्च मारला. दिव्यांखाली लखलखणारी खोली तीन दिवस काळोखात बुडाली होती. रोपांना तीन दिवसांच्या अंधारानं काही होत नाही, हे क्षमानं तिला एका वाक्यात सांगितलं असतं. पण विचारायला कुणी नव्हतं, आणि भीती एकटी असली की फार बोलते. उपाशी दाणे तिच्या डोळ्यांपुढे आले. माहेरचे दाणे.

त्यात तो श्रावणातला आयतार, सूर्याच्या पूजेचा दिवस. गौरेश बारा दिवसांचा झाला तेव्हा सासूनं त्याला अंगणात नेऊन सूर्य दाखवला होता. मूल अंधाऱ्या खोलीतच ठेवलं तर बाळसं धरत नाही, असं ती म्हणायची. आभाळ गच्च भरलेलं होतं, उजेड दुधासारखा मऊ होता. मागच्या पडवीवर दुधी प्लास्टिकचा पत्राही होता. चंद्रावतीनं साळदाटीचे चारही ट्रे, चाळीसच्या चाळीस बाटल्या, पडवीतल्या मेजावर मांडल्या. बाटली परवानगीशिवाय खोलीबाहेर न्यायची नाही, हा नियम तिनंच कितीतरी नव्या मुलींना शिकवला होता. पूजा आटोपून तासाभरात येते, असं तिनं रोपांनाच सांगितलं, आणि शेताडीतून दहा मिनिटांवरच्या घरी गेली.

घरी थोरल्या जावेनं सगळी तयारी ठेवली होती. रानातली पत्री, फुलं, पाटावर काढलेला सूर्य. पूजा झाली, आणि मुठीत अक्षता घेऊन बायका कहाणीला बसल्या. कहाणी सुरू झाली की संपेपर्यंत उठायचं नाही. अर्धवट टाकून उठलं तर ते घरच्या पुरुषमाणसांवर येतं, ही त्या घरातली समजूत, आणि घरचा पोरगा समुद्रात.

जाऊ कहाणी सांगायची ती चवीनं, प्रत्येक ओळ दोनदा. चार ओळी झाल्या असतील नसतील, तेवढ्यात दारातून उजेड आत आला. चंद्रावतीनं मान वळवली. तुळशीची सावली अंगणात चाकूनं कापल्यासारखी स्पष्ट पडली होती. वादळानं धुतलेल्या आभाळातून श्रावणाचं ऊन सरळ खाली उतरत होतं.

"आयताराक देव पावलो," जाऊ हात जोडून म्हणाली आणि पुढची ओळ सांगू लागली.

चंद्रावतीच्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजल्या. तिचे पाय उठू पाहत होते आणि गौरेशचा चेहरा त्यांना खाली दाबत होता. तिनं मनातल्या मनात सूर्याला विनवलं, थोडा वेळ ढगाआड जा. विनवलं आणि आणखीच घाबरली, कारण त्याच्याच दिवशी, त्याच्याच पाटापुढे बसून त्याला जा म्हणणारी बाई तिनं आजवर पाहिली नव्हती. ऊन हललं नाही. कहाणीही लवकर संपली नाही.

ती धावत गेली तेव्हा पडवीवर ऊन पडून पाऊण तास झाला होता. बाटल्या कोमट लागत होत्या, आतून वाफ धरली होती. तिनं एकेक ट्रे उराशी धरून आत नेला, थंड फरशीवर ठेवला आणि टॉर्चनं पान न् पान पाहिलं. सगळी हिरवी. एक डाग नाही. दुसऱ्या कुणाला यानं हायसं वाटलं असतं. चंद्रावतीला ठाऊक होतं की हिरवं दिसणं म्हणजे काहीच नाही, निरोप आत्ता कुठे निघाले असतील.

दुपारी चारला वीज आली आणि संध्याकाळी फोनही सुरू झाले. गोकुळदासनं विचारलं, "कशी आसत?" चंद्रावती म्हणाली, "बरी आसत." फोन ठेवल्यावर तिला आपल्याच आवाजाची भीती वाटली, इतका तो नेहमीसारखा आला होता.

सोमवारी क्षमा आली. तिनं बाटल्या उजेडाला धरल्या, पांढरीशुभ्र मुळं पाहिली आणि खूश झाली. वादळात इतकी छान रोपं राखली म्हणून तिनं चंद्रावतीची पाठ थोपटली. दोन ट्रे आज आणि दोन उद्या बाहेर जाळीखाली न्यायचे, असं तिनं ठरवलं. हीच ती वेळ होती. चंद्रावतीनं तोंड उघडलं आणि मिटलं. एकदा नाही, तीनदा. नोकरीची दोन वर्षं राहिली होती. निलेश नियम मोडणाऱ्याला घरी बसवायचा. पण खरं सांगायचं तर ही कारणं तिला नंतर सुचली. त्या घडीला तिला एवढंच वाटत होतं की बोललं तर ते खरं होईल, नाही बोललं तर कदाचित काही झालेलंच नसेल. भित्र्या माणसाच्या तोंडाला असंच कुलूप बसतं.

आणि तिनं स्वतःच्या हातांनी शंभर रोपं बाटल्यांतून काढली, मुळांची खळ कोमट पाण्यात धुतली, काथ्याच्या भुशाच्या पेल्यांत लावली. जाळी निम्मं ऊन अडवणारी. निम्मं आत येणारच. त्या दिवशी आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता. एकेक पेला ठेवताना तिला वाटत होतं, आपण कुणाला तरी हात धरून जिथून ते पळून आलं तिथंच परत नेऊन सोडतोय. तरी तिच्या हातून एक मूळही तुटलं नाही, आणि त्याचीच तिला सर्वांत जास्त घृणा आली.

मंगळवारी ती सगळ्यांच्या आधी जाळीखाली गेली. रोपं हिरवीच होती. पण तिसऱ्या रांगेतल्या एका रोपाच्या कोवळ्या पानाची कड तिला ओलसर, काचेसारखी दिसली. नखाएवढीही नव्हती ती कड. बावीस वर्षांच्या डोळ्यांशिवाय कुणाला दिसली नसती, आणि तिला आता ती दिसलीच नाही असं म्हणता येईना. मागून क्षमा तिसरा ट्रे घेऊन आली.

"बाय, तो ट्रे परत ने."

"कित्याक?"

"आयतारी तेंका ऊन लागलाहा. चाळीसूय बाटल्यांक. मीच भायर काढलंय."

क्षमानं ट्रे सावलीत ठेवला. ती ओरडली असती तर चंद्रावतीला बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, "किती वेळ?"

"कहाणी संपेसर."

क्षमा जाळीखालच्या शंभर पेल्यांकडे बघत राहिली. "काल सांगला असता तर," एवढंच ती म्हणाली.

मग दोघी कामाला लागल्या. उरलेले दोन ट्रे खोलीत परत गेले, वरच्या दिव्यांच्या निम्म्या नळ्या विझवल्या, बाटल्यांवर पातळ कापड टाकलं. आत डागडुजी चालली असेल तर तिला उसंत मिळावी, एवढंच करण्यासारखं होतं. जाळीखालच्या रोपांवर दुसरी जाळी आणि वर गोणपाट घातलं, पण क्षमानं आशा दाखवली नाही. त्यांना दुसरा तडाखा बसून दिवस उलटला होता.

निलेशला चंद्रावतीनं स्वतःच जाऊन सांगितलं. बावीस वर्षांकडे बघून त्यानं तिला घरी बसवलं नाही, खोलीतून काढून महिनाभर बाटल्या धुवायला घातलं. धुण्याच्या ओट्यावरून जाळी समोरच दिसायची. गुरुवारी पानांवर फिकट चट्टे आले. रविवारपर्यंत शंभराच्या शंभर रोपांची पानं कागदासारखी पांढरी होऊन लोळली. आतल्या खोलीत तिला जायला मनाई होती. क्षमा येता-जाता मान हलवून अजून काही कळत नाही असं खुणावायची, आणि चंद्रावती धुतलेलीच बाटली पुन्हा धुवायची. गोकुळदासचा फोन दोन रविवार तिनं घेतलाच नाही.

पंधराव्या दिवशी क्षमा एक बाटली हातात घेऊन ओट्यापाशी आली. पाचही रोपांच्या मध्यातून नव्या पानाची सुरळी वर आली होती, बाकीच्या बाटल्यांतही तसंच. चंद्रावतीनं ती बाटली उजेडाला धरली, फिरवून फिरवून पाहिली. सुरळी हिरवी होती, बुडापासून टोकापर्यंत हिरवी. तिनं बाटली जपून ओट्यावर ठेवली. रडू तिला तेव्हा आलं.

चवथ झाली आणि गोकुळदास टेम्पो घेऊन आला. सत्तरीला टेकलेला माणूस, पण त्या दिवशी पायऱ्या पोरासारखा चढला. आल्या आल्या त्यानं सांगितलं, "दोनशे खड्डे काढून, शेण घालून ठेवलंय."

चंद्रावतीनं त्याला आधी उरलेली रोपं दाखवली नाहीत. हाताला धरून जाळीखाली नेलं, जिथं शंभर पेले तिनं कुणाला टाकू दिले नव्हते. तिथं उभं राहून तिनं सगळं सांगितलं. पडवी, कहाणी, ऊन आणि सोमवार. सोमवार सांगताना तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. उन्हानं ती मेली नाहीत, माझ्या गप्प बसण्यानं मेली, असं ती म्हणाली.

गोकुळदासनं एक पेला उचलला, वाळलेलं पान बोटांत चुरलं. चुरा पुन्हा पेल्यातच टाकला. तो आता हात उगारील, की तसाच चालू लागेल, याचा तिला अंदाज येईना, आणि दोन्हींची सारखीच भीती वाटत होती.

"चंद्रे," तो शेवटी म्हणाला, "झर बारीक झाली तेव्हा बागेत शंभर केळी होती. दोन पावसाळे मी रोज झरीत हात घालून बघी. आणि तुका फोनार सांगी, बाग बरी आसा." त्यानं पेला जागच्या जागी ठेवला. "तेव्हा सांगलंय असतंय तर तू पन्नास पिलां घेऊन गेली असतंस. माका बोलूक धीर जावक नाय."

दोघं मग टेम्पोकडे गेली. क्षमानं आणि तिनं मिळून उरलेली रोपं टेम्पोत चढवली. पडदा बांधताना सावली कशी धरायची, किती दिवसांनी किती ऊन द्यायचं, हे चंद्रावतीनं भावाला चार-चारदा सांगितलं आणि त्यानं चारही वेळा ऐकून घेतलं. शंभर खड्ड्यांत रोपं जाणार होती, शंभर रिकामे राहणार होते. ते बुजवणार नाही, असं तो म्हणाला.

पुढच्या रविवारी संध्याकाळी फोन वाजला, तेव्हा चंद्रावती नेहमीप्रमाणे घाबरली. पण या खेपेला तिनं तो पहिल्याच रिंगला घेतला आणि भावाच्या आधी तिनंच विचारलं, "कशी आसत?"

गोकुळदास म्हणाला, "तीन रोपांची पानां पिवळी पडल्यासारखी दिसतत. आज सकाळीच दिसली. म्हणान आजच सांगतंय."

चंद्रावती उठून उभी राहिली. "खंयची पानां, वयली काय सकयली?" तिनं विचारलं, आणि खांद्यानं फोन कानाशी धरून ती डिचोलीच्या बससाठी चपला शोधू लागली.